कामराज, विरुदुनगर आणि मतदाराचा तराजू

उमेदवाराचे चारित्र्य पाहून मत द्यावे की त्याच्या पक्षाचे धोरण पाहून? १९६७ मध्ये तमिळ मतदारांपुढे हा प्रश्न अत्यंत अवघड स्वरूपात उभा राहिला होता. के. कामराज यांच्या आयुष्यात त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

फेब्रुवारी १९६७ मध्ये तत्कालीन मद्रास राज्याच्या विधानसभेची निवडणूक झाली आणि विरुदुनगर मतदारसंघात के. कामराज १,२८५ मतांनी पराभूत झाले. ते त्या वेळी काँग्रेसचे अखिल भारतीय अध्यक्ष होते. तत्पूर्वी साडेनऊ वर्षे त्यांनी राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषविले होते आणि लागोपाठ दोन पंतप्रधानांच्या निवडीत त्यांचा शब्द निर्णायक ठरला होता. विरुदुनगर हे त्यांचे जन्मगाव. त्यांचा पराभव करणारे पी. श्रीनिवासन हे हिंदीविरोधी विद्यार्थी आंदोलनातून पुढे आलेले, द्रविड मुन्नेत्र कळघमचे तरुण उमेदवार होते. राज्याबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

कामराज यांच्या व्यक्तिगत प्रामाणिकपणाविषयी गंभीर शंका घेणारे तेव्हाही थोडेच होते. त्यांना स्वतःचे घर नव्हते, संसार नव्हता, मालमत्ता नव्हती. तरीही त्यांच्याच गावच्या मतदारांनी त्यांना नाकारले. निवडणुका जवळ आल्या की उमेदवाराचे चारित्र्य पाहून मत द्या, असा उपदेश आपल्याकडे केला जातो. तो उपदेश प्रमाण मानला तर विरुदुनगरच्या मतदारांनी कर्तव्यात कसूर केली असे म्हणावे लागेल. माझ्या मते त्यांनी तशी कसूर केली नाही. मात्र ते सिद्ध करण्यासाठी कामराज यांचे आयुष्य पहिल्यापासून पाहावे लागेल. कारण चारित्र्य या एका शब्दात आपण किती भिन्न गोष्टी कोंबतो, हे त्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

मूठभर तांदळाची शाळा

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी नाडार समाजातील एका व्यापारी कुटुंबात झाला. या समाजाने एकोणिसाव्या शतकात मंदिरप्रवेशाच्या बंदीपासून सार्वजनिक अवहेलनेपर्यंत बरेच काही सोसले होते. व्यापारातून थोडे स्थैर्य आल्यावर विरुदुनगरच्या नाडारांनी स्वतःची शाळा काढली. घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करून त्या शाळेचा खर्च भागविला जाई. कामराज त्याच शाळेत शिकले, पण फार काळ नाही. वडील लहानपणीच वारले आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास शिक्षण सुटले. त्यानंतर मामाच्या कापडदुकानात बसणे आले. दुकानात बसून वर्तमानपत्रे वाचणे आणि सभांना जाणे, हेच त्यांचे पुढचे शिक्षण.

जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर ते काँग्रेसकडे ओढले गेले. १९२४ च्या वैकोम सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. १९३० मध्ये वेदारण्यमच्या मीठ सत्याग्रहासाठी त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि कलकत्त्याच्या अलीपूर तुरुंगात त्यांची रवानगी झाली. गांधी-आयर्विन करारामुळे १९३१ मध्ये ते सुटले. १९४० च्या अखेरीस वैयक्तिक सत्याग्रहींच्या यादीला गांधीजींची संमती घेण्यासाठी ते वर्ध्याला निघाले असता वाटेत गुंटूर येथे त्यांना अटक झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाहून परतताना त्यांनी पोलिसांना चुकविले, गावोगावी जाऊन कार्यकर्त्यांपर्यंत ‘छोडो भारत’चा निरोप पोहोचविला आणि काम संपल्यावर स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. या कारावासातील काही काळ त्यांनी विदर्भात अमरावतीच्या तुरुंगात काढला. सहा वेळच्या तुरुंगवासाची एकूण मुदत तीन हजार दिवसांहून अधिक भरते.

या काळातील एक घटना आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कामराज तुरुंगात असतानाच विरुदुनगर नगरपालिकेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. १९४१ मध्ये सुटका होताच ते नगरपालिकेत गेले आणि त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. जे पद पूर्णवेळ सांभाळता येणार नाही ते केवळ मान म्हणून बाळगू नये, अशी त्यांची भूमिका होती. दुसरी गोष्ट त्यांचे राजकीय गुरू एस. सत्यमूर्ती यांच्यासंबंधीची. १९३६ मध्ये सत्यमूर्ती प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि कामराज सरचिटणीस. चार वर्षांनी कामराज अध्यक्ष झाले तेव्हा गुरूने शिष्याच्या हाताखाली सरचिटणीसपद स्वीकारले. पदाला व्यक्तीपेक्षा मोठे न मानण्याचा हा संस्कार कामराज यांच्या पुढच्या अनेक निर्णयांत दिसतो.

सत्ता हाती आल्यावर

चारित्र्याची खरी परीक्षा तुरुंगात होत नाही, ती खुर्चीवर होते. ती वेळ एप्रिल १९५४ मध्ये आली. राजाजींच्या सरकारने १९५३ मध्ये प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली होती. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायात घालवावा, असे तिचे स्वरूप होते. बापाचा जातीने ठरलेला धंदा मुलाच्या गळ्यात बांधणारी योजना म्हणून तिच्यावर कडाडून टीका झाली. पेरियार आणि द्रमुक तर विरोधात होतेच, खुद्द काँग्रेस पक्षातही असंतोष पसरला. राजाजी पायउतार झाले. नेतेपदासाठी कामराज यांच्याविरुद्ध सी. सुब्रमण्यम उभे राहिले, त्यांचे नाव एम. भक्तवत्सलम यांनी सुचविले आणि कामराज ९३ विरुद्ध ४१ मतांनी निवडून आले.

मुख्यमंत्री झाल्यावर कामराज यांनी अवघ्या आठ जणांचे मंत्रिमंडळ बनविले आणि त्यात सुब्रमण्यम व भक्तवत्सलम या दोघांनाही घेतले. अर्थ आणि शिक्षण ही कळीची खाती प्रतिस्पर्ध्याकडे सोपविली. दलित समाजातील बी. परमेश्वरन यांच्याकडे अन्य खात्यांबरोबरच हिंदू धर्मादाय खाते दिले. ज्या देवळांच्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या दलितांना हाकलले गेले, त्याच देवळांचा कारभार एका दलित मंत्र्याच्या अखत्यारीत आला. यासाठी कोणता कायदा करावा लागला नाही की भाषण करावे लागले नाही. खातेवाटपाच्या एका आदेशाने ते साधले.

विधिमंडळाचे सदस्यत्व मिळविण्यासाठी ते गुडियात्तमच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. द्रमुक आणि पेरियार यांनी त्यांना पाठिंबा दिला. कम्युनिस्टांनी मात्र उमेदवार दिला. काँग्रेस संपविण्याची भाषा करणाऱ्या पेरियारांनी काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यासाठी मते मागितली, कारण अर्धवेळ शिक्षणाची योजना कामराज मोडीत काढणार होते. त्यांनी ती काढलीही. येथे व्यक्तीचे चारित्र्य आणि धोरण एकाच दिशेने बोलत होते. अशा वेळी मतदाराचे काम सोपे असते.

पुढील नऊ वर्षांत मद्रास राज्यात शाळांचे जाळे विणले गेले. १९५६-५७ पासून शाळांमध्ये दुपारच्या जेवणाची योजना सुरू झाली. उपाशी मूल शिकू शकत नाही, हे कामराज यांना कोणत्याही अहवालावाचून ठाऊक होते. पैसा कोठून आणायचा, ही अधिकाऱ्यांची रास्त चिंता होती. शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांच्यासारख्या अधिकाऱ्यांना हाताशी धरून प्रथम लोकवर्गणीवर आणि मग शासकीय अनुदानावर ही योजना उभी राहिली. मूठ मूठ तांदळाच्या शाळेची आठवण त्यामागे असणारच. गणवेश आणि शैक्षणिक साहित्यासाठी गावोगावी शाळासुधार परिषदा भरू लागल्या. वैगई, सात्तनूर, कृष्णगिरी, मणिमुत्तार अशी धरणे पूर्ण झाली. आर. वेंकटरामन यांच्यासारख्या मंत्र्यांच्या साथीने गिंडीची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तर नेयवेली, पेरांबूर आणि तिरुचिरापल्ली येथे केंद्राचे मोठे प्रकल्प आले.

प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला या कारकिर्दीतील एक गोष्ट विशेष जाणवते. कामराज यांनी तज्ज्ञ मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना काम करू दिले. स्वतःला इंग्रजीत अस्खलित बोलता येत नाही याचा त्यांनी कधी न्यूनगंड बाळगला नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही. आप्तांना राज्यकारभारापासून दूर ठेवले. त्यांच्या आई शिवकामी अम्माळ विरुदुनगरच्या जुन्या घरीच राहिल्या. त्यांना दरमहा ठरावीक आणि बेताचीच रक्कम मिळे, तसेच त्यांच्यासाठी खास जोडून दिलेला नळ मुलाने काढायला लावला, अशा कथा आजही तमिळनाडूत सांगितल्या जातात. त्यांतील तपशील काळाच्या ओघात रंगविले गेले असतीलही; पण एखाद्या नेत्याविषयी लोक कोणत्या प्रकारच्या कथा रचतात, हेही त्याच्या चारित्र्याचे एक मोजमापच आहे.

दिल्लीची वाट

१९६३ च्या उन्हाळ्यात तीन महत्त्वाच्या लोकसभा पोटनिवडणुकांत काँग्रेस हरली आणि कृपलानी, लोहिया व मसानी हे नेहरूंचे कठोर टीकाकार सभागृहात आले. चीनकडून झालेल्या पराभवाची जखम ताजी होती. ज्येष्ठ नेत्यांनी मंत्रिपदे सोडून पक्षकार्याला वाहून घ्यावे, हा कामराज यांचा प्रस्ताव नेहरूंनी उचलून धरला. तीच पुढे कामराज योजना म्हणून ओळखली गेली. तिच्याखाली सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. केंद्रातून मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम आणि स. का. पाटील यांच्यासारखे मातब्बर नेते बाहेर पडले. मोरारजींसह अनेकांना त्यात प्रतिस्पर्ध्यांचा काटा काढण्याचा डाव दिसला आणि ती शंका सर्वस्वी निराधार होती असे म्हणवत नाही. मात्र योजना मांडणाऱ्याने २ ऑक्टोबर १९६३ रोजी स्वतःचे मुख्यमंत्रिपद सोडले, हेही खरे. राज्यात त्यांना आव्हान देणारा कोणी नव्हता.

त्याच वर्षी काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मे १९६४ मध्ये नेहरूंचे निधन झाले आणि कामराज यांनी खासदार व मुख्यमंत्र्यांशी बोलून शास्त्रींच्या नावावर एकमत घडवून आणले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे शास्त्री वारले. तेव्हा स्वतः पंतप्रधान होण्याचा आग्रह कामराज यांनी नाकारला आणि आपले वजन इंदिरा गांधींच्या पारड्यात टाकले. मोरारजींचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव झाला.

कामराज यांच्या आयुष्याचा हा सर्वांत झळाळता काळ मानला जातो. मला तो त्यांच्या चारित्र्यातील उणेपणही दाखविणारा काळ वाटतो. पहिली गोष्ट निर्णयबुद्धीची. अतुल्य घोष, स. का. पाटील, संजीव रेड्डी, निजलिंगप्पा यांच्यासह ज्या नेतृत्वगटाला सिंडिकेट म्हटले जाई, त्याने इंदिरा गांधींची निवड केली ती त्या आपल्या सल्ल्याने चालतील या अपेक्षेने. तो अंदाज किती चुकीचा होता, हे तीन वर्षांत दिसले. पक्षाच्या चार-पाच प्रांतिक नेत्यांनी देशाचा पंतप्रधान ठरवावा आणि नंतर त्याच्यावर वचक ठेवावा, ही कल्पना संसदीय पद्धतीत बसणारी नव्हती. निर्लोभ माणूसही सत्तेच्या रचनेविषयी चुकीची कल्पना बाळगू शकतो.

दुसरी गोष्ट पैशाची. कामराज यांच्या खिशात पैसा नव्हता. पक्षाकडे मात्र होता. त्या काळी कंपन्यांना राजकीय पक्षांना उघडपणे देणग्या देता येत असत, १९६९ पर्यंत त्यावर बंदी नव्हती. पाटील आणि घोष यांची पक्षातील ताकद बऱ्याच अंशी निधी उभारण्याच्या त्यांच्या क्षमतेत होती. अध्यक्षाने स्वतः साधेपणाने राहायचे आणि पक्षयंत्रणा उद्योगपतींच्या पैशावर चालायची, ही विसंगती त्या पिढीने निमूट स्वीकारली. साध्या राहणीमुळे पक्षनिधीचा प्रश्न सुटत नाही. पुष्कळदा तो झाकला जातो.

तांदूळ आणि भाषा

कामराज दिल्लीत असताना मद्रास राज्याची सूत्रे भक्तवत्सलम यांच्याकडे होती. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही संघराज्याची प्रमुख राजभाषा होणार, या धास्तीने राज्यातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आत्मदहने झाली, गोळीबार झाले, अनेकांचे प्राण गेले. केंद्रातील सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन यांनी राजीनामे दिले, ते पुढे परत घेतले गेले. कामराज यांचे स्वतःचे मत हिंदीची सक्ती करू नये, घाई करू नये असेच होते आणि बिगरहिंदी प्रांतांतील अन्य नेत्यांबरोबर ते त्यांनी मांडलेही. पण गोळीबार करणारे सरकार त्यांच्या पक्षाचे होते आणि मुख्यमंत्री त्यांच्याच मंत्रिमंडळातून पुढे आलेले होते.

त्यातच दुष्काळ पडला. १९६५-६६ मध्ये देशभर अन्नधान्याची टंचाई होती. भातखाऊ तमिळ प्रदेशात तांदूळ महागला, मिळेनासा झाला. द्रमुकने रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे आश्वासन दिले. अण्णादुराई यांनी स्वतंत्र पक्षापासून मार्क्सवादी कम्युनिस्टांपर्यंत आणि मुस्लिम लीगपर्यंत सर्वांना एका आघाडीत आणले, त्यामुळे काँग्रेसविरोधी मतांची फाटाफूट टळली. मतदानाला महिना राहिला असताना लोकप्रिय अभिनेते आणि द्रमुकचे उमेदवार एम. जी. रामचंद्रन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि सहानुभूतीची मोठी लाट आली. काँग्रेसला २३४ पैकी पन्नासच्या आसपास जागा मिळाल्या. सिंडिकेटमधील कामराज यांचे सहकारीही त्या वर्षी वाचले नाहीत. मुंबईत स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी हरविले, बंगालमध्ये अतुल्य घोष हरले.

आता विरुदुनगरच्या मतदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. त्याच्या हाती एकच मतपत्रिका होती आणि तिच्यावर एकच शिक्का मारायचा होता. त्या शिक्क्याने तीन निर्णय एकाच वेळी होणार होते. विधानसभेत आपला प्रतिनिधी कोण, राज्यात सरकार कोणाचे, आणि गेल्या दोन वर्षांतील गोळीबार व तांदळाची टंचाई यांचा जाब कोणाला विचारायचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कामराज असे असू शकत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, निदान निम्म्याहून थोड्या अधिक लोकांच्या लेखी, काँग्रेस असे नव्हते. कामराज यांना मत द्यावे आणि भक्तवत्सलम सरकारला पाडावे, अशी सोय मतपत्रिकेवर नव्हती.

शिवाय समोरचा पर्याय भ्रष्टाचाराचा नव्हता. अण्णादुराई हेही साधे आणि व्यासंगी गृहस्थ होते. कामराज यांच्या पराभवाचे त्यांनाही दुःख झाले आणि कार्यकर्त्यांनी त्यावर जल्लोष करू नये असे त्यांनी बजावले, असे सांगितले जाते. चारित्र्यवान विरुद्ध चारित्र्यहीन अशी ही लढत नव्हती. जनतेच्या दोन भिन्न आकांक्षांची ती लढत होती. तांदळाचे आश्वासन पूर्णांशाने पाळले गेले नाही. रुपयाला एक माप तांदूळ, तोही प्रामुख्याने मद्रास आणि कोइमतूर या शहरांपुरता, इतक्यावर ते आले. भाषेच्या प्रश्नावर मात्र १९६८ मध्ये द्विभाषा सूत्र स्वीकारून नव्या सरकारने शब्द पाळला. मतदाराच्या पदरात अपेक्षेपेक्षा कमी पडले, पण काहीच पडले नाही असे नव्हे.

नागरकोइलचा कौल

कथा येथेच संपली असती तर चारित्र्याला निवडणुकीत काही किंमत नाही, असा निष्कर्ष काढता आला असता. परंतु जानेवारी १९६९ मध्ये नागरकोइल लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. खासदार ए. नेसमणी यांच्या निधनाने ती जागा रिकामी झाली होती. द्रमुकची सत्ता राज्यात भरात असताना आणि तिचा पाठिंबा प्रतिस्पर्ध्याला असताना कामराज तेथे लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. १९७१ मध्ये इंदिरा गांधी आणि द्रमुक यांच्या युतीने राज्य जिंकले. संघटना काँग्रेसला तमिळनाडूतील ३९ लोकसभा जागांपैकी एकच मिळाली, ती कामराज यांची नागरकोइलची.

कन्याकुमारी जिल्ह्यात काँग्रेसची परंपरा जुनी होती आणि नाडार मतदारांची संख्या मोठी होती, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. ते लक्षात घेऊनही एक फरक उरतो. पोटनिवडणुकीत सरकार बदलणार नव्हते. तीन निर्णयांपैकी दोन बाजूला पडले होते आणि दिल्लीत आपला माणूस म्हणून कोण जावे एवढाच प्रश्न शिल्लक होता. त्या प्रश्नाला मतदारांनी निःसंदिग्ध उत्तर दिले. मतदार चारित्र्याला सर्वत्र सारखेच वजन देत नाही; मताने काय ठरणार आहे यावर ते वजन अवलंबून असते. दोन वर्षांच्या अंतराने याच राज्यातील मतदारांनी एकाच माणसाविषयी दोन निकाल दिले. त्यांतील एक बरोबर आणि दुसरा चूक ठरविण्याची आवश्यकता नाही.

आजच्या मतदारासाठी

आजच्या मतदाराकडे १९६७ च्या मतदारापेक्षा पुष्कळ अधिक माहिती आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला गुन्हेगारी खटले, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांविषयी शपथपत्र द्यावे लागते. २०१३ पासून कोणताही उमेदवार पसंत नसल्याचे नोंदविण्याची सोय आहे. गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्यालाच उमेदवारी का दिली, याची कारणे पक्षांनी जाहीर करावीत, असा आदेश न्यायालयाने २०२० मध्ये दिला. निवडणूक रोख्यांची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविताना, पक्षांना पैसा कोण देतो हे जाणणे मतदाराच्या अधिकाराचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले.

या सर्व सुधारणांचे स्वागत करतानाही त्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. शपथपत्रात आकडे येतात, खटल्यांची कलमे येतात. प्रतिस्पर्ध्याला मंत्रिमंडळात घेण्याची वृत्ती त्यात येत नाही. जे पद सांभाळता येत नाही ते सोडण्याची तयारी त्यात येत नाही. कामराज यांचे शपथपत्र आज कोणी भरले असते तर मालमत्तेचे रकाने रिकामे दिसले असते आणि शिक्षणाच्या रकान्यात अपुरी शाळा. सुशिक्षित मतदाराने कदाचित त्या शेवटच्या रकान्यावरच बोट ठेवले असते.

दुसरी मर्यादा १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आणली. सभागृहात महत्त्वाच्या मतदानाच्या वेळी सदस्याला पक्षादेश मोडता येत नाही, त्यामुळे त्याच्या सदसद्विवेकाला तेथे फारसा वाव उरलेला नाही. मतदाराने पक्ष पाहून मत देणे यामुळे अधिक तर्कसंगत झाले आहे. परंतु निवडून आल्यावर घाऊक पक्षांतर करणाऱ्यांना हा कायदा रोखू शकलेला नाही. ज्या चिन्हावर मत मागितले त्याच्याशी प्रामाणिक राहणे हा किमान गुण उमेदवारात नसेल, तर पक्ष पाहून दिलेले मतही वाया जाते. म्हणजे धोरणाला मत देणाऱ्यानेही चारित्र्याकडे पाठ फिरवून चालत नाही.

माझ्या मते चारित्र्य हा उंबरठा आहे. तो ओलांडलेल्या उमेदवारांमधून धोरण, पक्ष आणि सरकारची कामगिरी पाहून निवड करावी. जो तो ओलांडत नाही त्याचे धोरण कितीही आकर्षक असले तरी त्याला बाहेर ठेवावे. विरुदुनगरच्या मतदारांना हे साधले, कारण दोन्ही पक्षांनी उंबरठा ओलांडलेली माणसे पुढे केली होती. त्यांना निर्धास्तपणे तांदूळ आणि भाषा यांवर मत देता आले. आज अनेक मतदारसंघांत ती चैन उरलेली नाही आणि त्याचा दोष आधी उमेदवारी वाटणाऱ्यांकडे जातो. मतदाराने चारित्र्य पाहावे असे सांगणाऱ्यांनी तो प्रश्न पक्षांच्या निवड समित्यांना अधिक मोठ्याने विचारला पाहिजे.

तमिळनाडूत आज जवळपास प्रत्येक पक्ष कामराज यांच्यासारखी राजवट आणण्याची भाषा करतो. १९६७ मध्ये जनतेने एका थोर माणसावर अन्याय केला, अशी हळहळही व्यक्त होते. कामराज यांनी स्वतः तशी हळहळ जोपासली नाही. त्यांनी निकाल स्वीकारला, राज्यसभेचा सोपा मार्ग धरला नाही आणि जवळजवळ दोन वर्षे कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसताना पक्षाचे काम केले. १९६९ च्या फुटीनंतर ते संघटना काँग्रेसबरोबर राहिले, सत्ता दुसऱ्या बाजूला आहे हे स्पष्ट दिसत असतानाही. आणीबाणी त्यांना मान्य नव्हती आणि तिच्याच काळात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, चेन्नईत त्यांचे निधन झाले. बारा वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते. मागे भाड्याचे घर, थोडे कपडे, पुस्तके आणि शे-सव्वाशे रुपये राहिले असे सांगतात. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

शपथपत्र वाचून झाल्यावर मतदाराने आपल्या उमेदवाराविषयी आणखी चार प्रश्न विचारावेत, असे कामराज यांचे आयुष्य सुचविते. हाती नेमणुका आल्या तेव्हा त्याने कोणाला नेमले? ज्यांना हरविले त्यांच्याशी तो कसा वागला? एखादे पद त्याने आपण होऊन कधी सोडले का? आणि मतदारांनी नाकारले तेव्हा त्याने पुढे काय केले? या प्रश्नांची उत्तरे निवडणूक कार्यालयाच्या फलकावर लागत नाहीत, पण गावातील लोकांना ती बहुधा ठाऊक असतात.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून इतिहासाचे अभ्यासक आहेत.)